सरगासूलीच्या माथ्यावर

सुटी लागली की माझा नातू जयपुरास आमच्याकडे येतो आणि त्याच्याबरोबर त्याचा पडद्यावरचा खेळही येतो. परवा दुपारी त्याच्या शेजारी बसून मी तो खेळ पाहिला. ‘मेट्रॉइड’ हे त्याचे नाव. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८६ साली तो प्रथम काढला आणि तेव्हापासून त्याचे नवे नवे अवतार निघत आले आहेत. त्यातला खलनायक रिडली. पंखांचा, लांब शेपटीचा, सुसरीसारख्या जबड्याचा हा प्राणी म्हणजे अंतराळातील चाच्यांचा सरदार. सामस नावाची नायिका लहान असताना तिच्या वसाहतीवर त्याने धाड घातली आणि ती पोरकी झाली. मोठेपणी ती त्याला मारते. पण पुढच्या एखाद्या खेळात स्वारी पुन्हा हजर! रक्तबीजाची कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना याचे नवल वाटू नये.

“हा चाचा का झाला रे?” मी विचारले.

“तो वाईटच आहे, आजोबा. चाचाच आहे ना तो!”

हे उत्तर काही मला पटले नाही. चाचा ही पदवी कोण कोणाला देतो, हे आधी पाहावे लागते. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी हीच पदवी बहाल केली होती. वास्तविक ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या गलबतांनी आपला दस्तक घ्यावा, ही त्यांची मागणी सत्ताधाऱ्याची होती. इंग्रजांच्या लेखी ती लूट ठरली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले. हे सारे मी नातवाला मोठ्या अभिमानाने सांगितले. आपला तो बाब्या, या न्यायाने आपला तो सरखेल आणि दुसऱ्याचा तो चाचा, असे म्हणून मी हसलोही.

ते हसू दुसऱ्या दिवशी सकाळी मावळले. त्रिपोलिया बाजारातील ईसरलाट दाखवायला मी त्याला नेले होते. येथील लोक या सातमजली मनोऱ्याला सरगासूली म्हणतात. माथ्यावरून जंतरमंतरातील यंत्रे दिसतात. सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली, हेही मी ओघाने सांगून टाकले. आपल्या माणसाचे नाव परमुलखात घेताना जीभ कशी सैल सुटते!

“आणि हा मनोरा कोणी बांधला?”

आता मात्र मला थांबावे लागले. मनोरा ईश्वरीसिंहाने बांधला, १७४९ साली, भावावर मिळविलेल्या विजयाची खूण म्हणून. १७४३ मध्ये जयसिंह गेल्यावर गादीसाठी ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांत भांडण जुंपले. त्यात मराठे उतरले, आणि फुकट उतरले नाहीत. ठरलेली रक्कम ईश्वरीसिंहाकडून येईना, तेव्हा १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर जयपुरावर चालून आले. खजिन्यात पैसा नव्हता. ईश्वरीसिंहाने विष घेतले आणि नागाचा दंशही करवून घेतला असे सांगतात. लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, हे नवे सुंदर शहर पाहायला म्हणून आत आलेल्या मराठ्यांवर नगर उलटले आणि हजारो माणसे रस्त्यांत कापली गेली.

नातू बराच वेळ खाली बाजाराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आजोबा, इथल्या गोष्टीत रिडली आपण होतो?”

तो काळच तसा होता, राज्ये चालवायला पैसा लागे, माधोसिंहाचेच हात कोठे स्वच्छ होते, अशी उत्तरे ओठांवर आली. ती खोटी नव्हती. पण आंग्र्यांची गलबते धरून नेल्यावर इंग्रज ज्या जातीची उत्तरे देत, त्याच जातीची ती होती. बगरूची लढाई हरलेल्या, खजिना रिता झालेल्या त्या राजाला होळकरांच्या फौजेची धूळ दिसली असेल, तेव्हा सरखेल आणि चाचा यांतला भेद त्याला कोणी समजावून सांगितला असता?

“होय,” मी म्हणालो. “त्या दिवशी होतो. आणि महिन्याभराने रस्त्यांत पडले तेही आपलेच. त्यांचीही मुले घरी वाट पाहत असतील.”

चाळीस वर्षे मी या शहराचे मीठ खातो आहे. येथील मराठी मुलांना शिवरायांच्या आणि आंग्र्यांच्या गोष्टी मी गणेशोत्सवात कितीदा तरी सांगितल्या. ईसरलाटेची एकदाही सांगितली नाही. शेजाऱ्यांनीही कधी हा विषय काढला नाही. हे त्यांचे सौजन्य. मी मात्र त्याला विस्मृती समजत आलो. दुसऱ्याच्या गावात घर करायचे, तर त्याच्या आठवणींतला आपला वाटाही पदरात घ्यावा लागतो.

जिने नसलेल्या त्या चढणीच्या वाटेने आम्ही खाली उतरलो. येत्या गणेशोत्सवात गोष्ट कोणती सांगायची ते आता ठरले आहे. ती ऐकायला शेजाऱ्यांनाही बोलवावे म्हणतो.