खिद्रापूरचं गोल आभाळ

मैत्रिणींनो, खिद्रापूरला जाल तेव्हा सासूबाईंनाही न्या हं! कोल्हापूर जिल्ह्यात, कृष्णाकाठी कोपेश्वराचं हे देऊळ. पायथ्याशी दगडी हत्तींची रांग. कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या, बघून जीव हळहळतो. पुढं 48 खांबांचा स्वर्गमंडप. त्याच्या छताला मधोमध मुद्दामच गोल ठेवलंय मोकळं, वर नुसतं आभाळ! कडेनं आपापल्या वाहनांसह इंद्र, यम, कुबेर. पण आमच्या सासूबाईंची मान वर होत नाही. "तुम्ही बघा गं, मी बसते," म्हणाल्या. मला कसंसंच झालं. लेकीनं काय करावं? मोबाईल खालच्या गोल शिळेवर उताणा ठेवला, शेजारी आजीला उभं केलं. फोटोत गोल आभाळ, भोवती देव, अन् देवांच्या पंगतीत आजी! परतताना गाडीत मोबाईल कुणाच्या हाती देईनात.