पहिले काम

दरवर्षी पावसाळा ओसरला की मी विद्यालयातील मुलांना कार्ले लेणीवर नेतो. चैत्यगृहाच्या दारापाशी एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने हे दार घडवले, अशी त्यात नोंद आहे. आतील खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत. कौशल्य सामीचे होते. परंतु त्याच्या हाताला काम मिळावे म्हणून अनेकांनी आपला वाटा उचलला होता.

काही वर्षांपूर्वी आपला एक माजी विद्यार्थी घरी आला. "सर, नोकरी सोडून हिशेबाची कामे स्वतंत्रपणे घेऊ का?" मी त्याला स्पर्धा परीक्षेचा सल्ला दिला. आमच्या पिढीला सरकारी नोकरीनेच उभे केले. त्यापलीकडे माझी दृष्टी पोहोचली नाही.

त्याने ऐकले नाही. लोणावळ्यातील लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रे तो भरू लागला. एका व्यापाऱ्याने दोन महिन्यांनी त्याचे पूर्ण नाव आणि गाव विचारले. पुढच्या आठवड्यात फायली परत मागितल्या. कामात चूक नव्हती. तो पुन्हा माझ्याकडे आला, तेव्हा मी सल्ला दिला नाही, इतिहास सांगितला.

१९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईस परतले. शिकवण्या केल्या, शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक थांबले व पेढी बंद पडली. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले, तर वकिलीची सनद घेण्यास पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले. सॉलिसिटर काम देत नसत. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी प्रपंचाला हातभार लावला. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात जेधे-जवळकरांनी त्यांना वकीलपत्र दिले. पुण्याच्या न्यायालयात ते अपील बाबासाहेबांनी जिंकले आणि त्यांच्या वकिलीचा बोलबाला झाला. परदेशी पदव्या असलेल्या विद्वानालाही कुणीतरी विश्वासाने पहिले काम द्यावे लागले.

त्या मुलाला ते कामशेतमधील आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने दिले. त्याचा मालवाहतुकीचा धंदा आहे. त्याने सवलत मागितली नाही, ठरलेले पैसे वेळेवर दिले आणि चोख काम पाहून आणखी तिघांकडे शब्द टाकला. आज त्या मुलाने स्वतःचा एक मदतनीस ठेवला आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण विद्यालयाला देणगी देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु तुमच्या दुकानाचा हिशेब, घराची वायरिंग, मुलीच्या लग्नाचे छायाचित्रण असे एखादे काम यंदा बाहेर पडलेल्या मुलाला द्या. काम नीट पारखून घ्या आणि दाम पूर्ण द्या. मी त्याला वेळेवर जे देऊ शकलो नाही, ते तुमच्या हातून घडावे.