पोटावरच्या रेघा

शरीरसौंदर्याच्या कल्पना काळानुसार पालटतात, हे आपण नेहमीच ऐकतो. पण एखादी कल्पना घराच्या ओटीवर येऊन बसते, तेव्हाच तिची खरी ओळख पटते. आमच्या घरी ती 'सिक्स पॅक' या नावाने आली. माझ्या पिढीने तरुणपणी हा शब्द ऐकलाही नव्हता. १९९८ साली सलमान खान एका गाण्यात सदऱ्याविना नाचला, २००७ साली 'ओम शांती ओम'मध्ये चाळिशी ओलांडलेला शाहरुख खान तसाच अवतरला, पुढच्या वर्षी 'गजनी'तून आमिर खान आला. आणि बघता बघता पोटावरच्या त्या सहा वड्या आमच्या वसईतील पोरांच्या बोलण्यात रुळल्या. पूर्वी जिथे भाजीचे मळे होते, तिथल्या इमारतींच्या तळमजल्यावर व्यायामशाळा निघाल्या. त्यांना आता कोणी व्यायामशाळाही म्हणत नाही, जिम म्हणतात.

माझा धाकटा पुतण्या अंधेरीला नोकरी करतो. वय पंचवीस. दोन वर्षांपूर्वी त्याने या वड्या मिळवण्याचा पण केला. योगायोग असा की, त्याच महिन्यात माझ्या रक्ततपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. डॉक्टरांनी कमरेभोवती फीत लावून १०१ सेंटिमीटर हा आकडा उच्चारला. भारतीय पुरुषाची कमर ९० च्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असे ते म्हणाले. त्यामुळे काका-पुतणे एकाच दिवशी जिमचे सभासद झालो. तो आरशासमोर, मी कोपऱ्यातल्या सायकलीवर. त्याला काही दाखवायचे होते, मला काही टाळायचे होते. पण वैरी मात्र दोघांचा एकच, चरबी.

मी जन्मभर शाळेत शास्त्र हा विषय शिकवला. साहजिकच या वड्यांचा मी अभ्यास मांडला. छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोटाच्या पुढच्या बाजूने दोन उभे स्नायू जातात. त्यांच्या मधोमध पांढऱ्या तंतूंची उभी पट्टी असते, आणि दोन्ही स्नायूंना आडवे छेदणारे, बहुधा तीन, चिवट तंतूंचे पट्टे असतात. या उभ्या-आडव्या रेघांमुळे वड्या पडतात. त्या चार असाव्यात, सहा की आठ, आणि समोरासमोर याव्यात की थोड्या वरखाली, हे जन्मतःच ठरलेले असते. कितीही कसरत केली तरी संख्या बदलत नाही. म्हणजे रेघा प्रत्येकाला आहेत. मला आहेत, आणि आमच्या गावच्या बँडमध्ये मोठा ढोल पोटावर पेलणाऱ्या गृहस्थांनाही आहेत. त्या फक्त झाकलेल्या आहेत.

पुतण्या पहिले दोन महिने पाठीवर झोपून धड उचलण्याचा व्यायाम रोज तीनशे वेळा करी. त्यामुळे स्नायू कठीण झाला, पण दिसेना. ज्या अवयवाला व्यायाम द्यावा तिथलीच चरबी वितळते, ही समजूत फार जुनी आणि तितकीच निराधार आहे. शरीर चरबी काढते ते सगळ्या देहातून, आपल्या क्रमाने. आणि बहुतेक पुरुषांच्या बाबतीत पोटाचा क्रमांक शेवटी लागतो. देहातील चरबीचे प्रमाण साधारणपणे शेकडा दहा-बारापर्यंत उतरले की पुरुषाच्या पोटावरच्या रेघा स्पष्ट दिसू लागतात.

इथे आपल्या लोकांच्या वाटेत एक जादा धोंडा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचा सारखाच, २२.३. मात्र तपासणीत युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. भारतीय माणूस किरकोळ दिसतो, पण कातडीआड चरबी बाळगतो, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखवले असेल. पोरे सिनेनटांकडे बघून स्वतःला कोसतात, तेव्हा मला हे छायाचित्र आठवते.

पुतण्याचे वजन ७८ किलो. आठ किलो चरबी घटवायची असे ठरले. एका किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठवलेले असतात. रोज गरजेपेक्षा पाचशे उष्मांक कमी खाल्ले तर कागदावर चार महिने पुरेत. त्याला सात लागले. वजन घटत जाते तशी देहाची गरजही घटते आणि भूक मात्र वाढते. घटत्या आहारात चरबीबरोबर स्नायूही झिजू नयेत म्हणून तो आठवड्यातून चार दिवस वजने उचले, खांद्यावर भार घेऊन बैठका मारी, दांडीला लटकून पाय वर घेई. प्रथिने दिवसाला १३० ग्रॅम. अंडी, कोंबडी, मासे, दही, चणे. वहिनीच्या स्वयंपाकघरात सोनाराकडे शोभेल असा एक तराजू आला आणि त्यावर शिजलेला भात तोलला जाऊ लागला. तळलेल्या सुरमईऐवजी उकडलेली सुरमई पाहून वहिनी जे म्हणाल्या, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

पाचव्या महिन्यापर्यंत मला त्याचे कौतुकच वाटत होते. मग घराचा रंग बदलला. तो रविवारी जेवायला आमच्याबरोबर बसेना. डबा घेऊन खोलीत जाई. एप्रिलच्या उकाड्यात त्याला थंडी वाजे. लहानसहान गोष्टींवरून तो आईवर चिडे. रात्री मोबाईलवर पाहात काय असे, तर बिर्याणीच्या पाककृती! वहिनी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, पोर माझ्या हातचं खात नाही आणि माझ्याशी बोलतही नाही. ह्याला तुम्ही तब्येत म्हणता?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते, पण वाचलेले एक प्रकरण आठवले. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण जमवले. विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र हाती धरण्यास नकार देणारे ते युवक. युद्धात होरपळलेल्या, उपाशी युरोपला सावरावे कसे हे कळावे, म्हणून स्वेच्छेने उपासमार सोसायला आले होते. चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न मिळाले आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण खरे लक्षात राहण्यासारखे आहे ते त्यांच्या मनाचे. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. हे मी वहिनींना सांगितले आणि पुतण्यालाही. त्याची भूक त्या युवकांच्या मानाने सौम्य होती, हे खरे. पण त्याने मोबाईल खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मुलींविषयीही दोन शब्द. स्त्रीच्या देहाला पुरुषापेक्षा अधिक चरबी लागते. ती तिच्या प्रकृतीची गरज आहे. व्यायाम भरपूर आणि अन्न तुटपुंजे असे चालू राहिले तर मासिक पाळी थांबते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. जिमला जाणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली तर आईने तिला डॉक्टरांकडे न्यावे, प्रशिक्षकाकडे नव्हे.

पोटावरच्या रेघा मी प्रथम पाहिल्या त्या जिममध्ये नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस आमचे वडील पहाटे कावडीने पाणी आणून पानवेलींना घालीत. मग कुदळ. मग डोक्यावर भाजीची टोपली घेऊन स्टेशन, आणि तिथून गाडीने मुंबईचा बाजार. खाणे म्हणजे तांदळाची पेज, सुका बोंबील, कधी भाकरी. उघड्या अंगाने ते विहिरीवर उभे राहत तेव्हा त्यांच्या पोटाच्या वड्या बोटाने मोजता येत. आज एखादा छायाचित्रकार त्यासाठी पैसे मोजील. वडिलांना मात्र त्याची लाज वाटे. पाहुणे येताना दिसले की ते घाईघाईने सदरा चढवीत, कारण खपाटीला गेलेले पोट म्हणजे घरात पुरेसे नाही याची ती उघड कबुली होती. गावात पोट सुटलेला माणूस दिसला की लोक आदराने बाजूला होत. तालमीतला पैलवानही दूध, तूप, बदाम खाऊन भरीव झालेला असे. वड्या दिसणारा पैलवान बघून वस्तादाने त्याला आजारी ठरवले असते.

आपल्या प्राचीन मूर्तिकारांनीही बहुधा पोट भरलेले आणि गुळगुळीतच घडवले, जणू आत श्वास रोखून धरला आहे. वड्या कोरल्या त्या ग्रीकांनी. ती परंपरा युरोपातून फिरत फिरत आपल्या चर्चमधल्या क्रुसापर्यंत आली. लहानपणी मी त्या मूर्तीच्या बरगड्या आणि पोट पाही, तेव्हा मला तिथे बळ दिसत नसे. आपल्या वडिलांसारखाच हाही उपाशी आहे, एवढेच वाटे.

सातव्या महिन्यात पुतण्याचे वजन ७० वर आले आणि रेघा उमटल्या, पण सकाळी उपाशीपोटी आणि विशिष्ट उजेडातच. जिममधल्या एका प्रशिक्षकाने सल्ला दिला, की छायाचित्राआधी आठ दिवस मीठ बंद कर, शेवटच्या दिवशी पाणी बंद कर, आणि लघवी वाढवणारी एक गोळी आहे ती घे. म्हणजे कातडी स्नायूला चिकटून बसेल. त्या रात्री मी त्याला दोन माणसांविषयी सांगितले. मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत शरीरसौष्ठवपटू १९९२ साली हॉलंडमधील स्पर्धा जिंकला आणि काही तासांतच मरण पावला. अँड्रियास म्युन्झर हा ऑस्ट्रियाचा. त्याच्याइतकी कमी चरबी क्वचितच कोणाची असेल अशी त्याची ख्याती. १९९६ साली एकतिसाव्या वर्षी तो गेला. हे लोक औषधांच्या फार पुढच्या टप्प्यावर होते, एका गोळीने तसे होईलच असे नाही, हेही मी सांगितले; मुलांना घाबरवण्यासाठी अर्धसत्य सांगू नये, या मताचा मी आहे. पण देहातले पाणी आणि क्षार बिघडले तर हृदयाचा ठोका चुकतो, हे मात्र पूर्ण सत्य आहे.

"काका, गोळी मी घेणारच नव्हतो," तो म्हणाला. "पण पाणी बंद करायचं मनात होतं."

त्याने पाणी बंद केले नाही. एका रविवारी सकाळी मिस्साला जाण्याआधी त्याच्या मित्राने गच्चीवर छायाचित्रे काढली. चांगली आली. डावीकडच्या वड्या उजवीकडच्यांपेक्षा थोड्या वर आहेत, जन्मजातच. त्याच दुपारी वहिनींनी मटण केले होते आणि तो तीन वेळा भात मागून जेवला. वहिनी वाढताना काही बोलल्या नाहीत, पण तराजू त्यांनी त्या संध्याकाळी पोटमाळ्यावर टाकला.

दोन महिन्यांत रेघा पुन्हा झाकल्या गेल्या. तो आता ७३ किलोंवर स्थिरावला आहे, व्यायाम सोडलेला नाही, आणि भाताच्या जड गोणी दोन हातांनी उचलून माडीवर नेतो. थंडी वाजण्याचे थांबले आहे. छायाचित्र त्याने मोबाईलवरच ठेवले आहे, भिंतीवर लावलेले नाही. पुन्हा करशील का, असे मी विचारले तर म्हणतो, "एकदा बघायचं होतं, बघितलं."

मी अजून सायकलीवरच आहे. रात्रीचा भात निम्मा केला, रोज पाऊण तास भुईगावच्या किनाऱ्यावर चालतो. साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली आहे. परवा डॉक्टरांनी पुन्हा फीत लावली. ९४ भरली, अजून चार सेंटिमीटर बाकी आहेत, आणि नाताळच्या नेवऱ्या महिन्यावर आल्या आहेत.