दादांच्या रायफलीचा दस्ता

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजन होते. शस्त्रे तरी कोणती? एक विळी, दोन कोयते, स्वयंपाकघरातील सुऱ्या, चिरंजीवांची पान्यांची पेटी. आणि या साऱ्या मंडळींच्या मधोमध, पाटावर आडवी ठेवलेली दादांची रायफल. दादा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. परंतु त्या दिवशी रायफल पुसताना घरात अजूनही आवाज खाली येतात, जणू ते ओसरीवर बसून आमच्याकडे पाहत आहेत.

२०२४ च्या खंडेनवमीला ती पुसत असताना आमचे बोट एका रेघेवर अडखळले. दस्त्याची मान, म्हणजे चापामागे मूठ जेथे आवळते तो निमुळता भाग, तेथे लाकूड उलले होते. तडा बारीक, पण दोन्ही अंगांनी दिसत होता. आम्ही हळद-कुंकू वाहिले, आपट्याचे पान ठेवले आणि कोणाला काही बोललो नाही. दुखणे आपल्याच घरातले असले की माणूस ते आधी स्वतःपासून लपवतो.

तडा लपवण्यास आणखी एक कारण होते. आमची सत्तरी जवळ आली होती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला की वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. चिरंजीवांचे म्हणणे स्पष्ट होते : "बाबा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर या रायफलीने एकही जनावर पाहिलेले नाही. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा, नूतनीकरणाला खेटे घाला. द्या ना ती परवानाधारक विक्रेत्याला!" धाकटी कन्या मात्र म्हणत होती, "माझ्या नावे करा." आता मोडका दस्ता पुढे आणला असता तर चिरंजीवांचा पक्ष आपोआप जिंकला असता.

या रायफलीची कुळकथा थोडक्यात सांगतो. ती पॉइंट ३१५ बोअरची, बोल्ट ओढून भरावयाची, बंगालातील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडलेली. तिची यंत्ररचना इंग्रज लष्कराच्या ली-एनफिल्डची. परंतु लष्कराची पॉइंट ३०३ ची गोळी इंग्रज सरकारने खाजगी माणसास वर्ज्य केली होती. म्हणून ऑस्ट्रियाच्या फौजेत चाललेली आठ मिलिमीटरची मान्लिखर गोळी या यंत्राला जोडण्यात आली, आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या कारखान्यांनी तीच चाल पुढे चालू ठेवली. सांगाडा इंग्रजी, गोळी ऑस्ट्रियन, घडण बंगाली आणि मालक बालाघाटचे मराठी! आमच्या दादांना या गोष्टीचे मोठे कौतुक असे. ते म्हणत, "हिचेही आपल्यासारखेच आहे."

आपल्यासारखे म्हणजे कसे, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. वैनगंगेकाठच्या आमच्या या गावाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घर जागचे हलले नाही, राजधानी तेवढी हलली.

असो. तडा फार दिवस लपला नाही. कन्येने कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये पॉइंट २२ ची रायफल चालवली आहे. तिच्या नजरेतून लाकूड सुटले नाही. तिने रायफल उचलली, रिकामी असल्याची खात्री केली आणि खांद्याला लावून दाखवली. "बाबा, तडा राहू द्या. पण हे पाहा." दस्ता तिच्या काखेत अडकत होता. गाल लाकडावर टेकवायचा तर मान पुढे ताणावी लागत होती, आणि चापावर बोट नेमके टेकत नव्हते. दादा सहा फुटांचे. ही पाच फूट दोन इंच. "हा दस्ता आजोबांच्या मापाचा आहे. मला नवा बसवून द्या."

आम्हांस ते शब्द लागले. दस्त्यावर जेथे दादांचा गाल टेकत असे तेथे लाकडाला एक तुकतुकी आली आहे. लहानपणी आम्ही त्या जागेवरून हात फिरवीत असू. तो दस्ता काढून बाजारचा बसवायचा, म्हणजे मग त्या रायफलीत दादांचे उरले काय? आम्ही रागाच्या भरात बोलून गेलो, "मग बाजारातूनच दुसरी घे!" कन्या उठून आत गेली. त्या रात्री सौभाग्यवतींनी पान वाढताना एवढेच म्हटले, "मुलगी मागते आहे ती वस्तू, की तुमची परवानगी, ते जरा पाहा."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. या प्रकारात भारताचे ते पहिलेच पदक. कन्येने आम्हांला त्या सामन्याची चित्रे पुन्हा दाखवली. त्या रायफलीही बोल्टच्याच. पण दस्ता पाहावा तर गालाची पट्टी वरखाली होते, खांद्याची पट्टी मागेपुढे सरते. नेमबाजाच्या अंगाप्रमाणे दस्ता जुळवायचा, ही तेथली पहिली पायरी. आणि हे काही नवे खूळ नव्हे. ली-एनफिल्डच्या लष्करी रायफलींचे दस्तेसुद्धा लांब, नेहमीचा, आखूड आणि त्याहून आखूड, असे अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने निघत. शिपायाचे माप एक नसते, हे पलटणीला कळत होते. आम्हांला कळत नव्हते.

अखेर आम्ही दोघे जबलपूरला गेलो. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते; घरच्या सुताराकडे हे काम देणे कायद्यात बसत नाही. बोल्ट काढून वेगळा गुंडाळला, परवाना खिशात ठेवला, गोळ्या घरीच ठेवल्या. कारागीर वृद्ध, मितभाषी. त्यांच्याकडे अक्रोडाचा अर्धा घडवलेला दस्ता होता. आम्ही सागवानाच्या जिल्ह्यातले, सहज विचारले, "सागाचा का नाही?" ते म्हणाले, साग टिकाऊ खरा, परंतु धक्क्याला ठिसूळ, शिसवी मजबूत, पण जड, अक्रोड हलका, चिवट, आणि पावसाळ्यात अंग फारसे वाकवीत नाही.

मग काम सुरू झाले. या घडणीच्या रायफलीचे लाकूड दोन तुकड्यांचे असते : नळीखालचे पुढचे आणि खांद्याकडचे मागचे. मागचा दस्ता पोलादी कोंदणात शिरतो आणि आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टाने आवळला जातो. कारागिरांनी आधी पुढचे लाकूड उतरवले. लष्करी नमुन्यात या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते. ते न पाहता बोल्ट फिरवला तर मागचे सुधारताना पुढचे फाटते. मग दस्त्याच्या बुडाची धातूची पट्टी काढण्यासाठी त्यांनी दोन स्क्रू सोडवले, आणि थांबले.

पट्टीखाली अर्ध्या इंचाचा सागाचा तुकडा होता. नीट तासून, कडा जुळवून बसवलेला. कारागिरांनी जुना दस्ता उजेडाकडे धरला. "साहब, ये कारख़ाने का नहीं है. बाद में बना है, शीशम का. और रेशा देखिए, तिरछा जा रहा है." लाकडाचे तंतू मानेतून सरळ जाण्याऐवजी तिरपे बाहेर पडत होते, म्हणूनच ती तेथे उलली.

आम्ही तो सागाचा तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होतो. दादांनी ही रायफल जुनी घेतली होती, एवढे ठाऊक होते. पण ज्या दस्त्याला आम्ही मूळचा समजून जपत आलो, तो मुळी दुसराच होता. आणि तोही आखूड पडला म्हणून सहा फुटी दादांनी त्याला जोड देऊन आपल्या मापाचा करून घेतला होता. म्हणजे कन्या जे मागत होती तेच दादांनी केले होते. फरक इतकाच की त्यांना कोणी अडवले नव्हते.

"घ्या हिचे माप," आम्ही म्हणालो.

कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे बूड कोपराच्या खळीत टेकवायचे आणि चापावर तर्जनी कोठे पोचते ते पाहायचे, अशी जुनी ठोकळ रीत आहे. जुन्या दस्त्यापेक्षा सव्वा इंच कमी करावे असे ठरले. कारागिरांनी करवत उचलण्यापूर्वी आठवण दिली की मागे धक्का शोषणारी रबरी गादी बसायची आहे, तिची जाडीही लाकडातून वजा करावयास हवी. पुष्कळजण येथेच चुकतात आणि आखूड करता करता दस्ता पुन्हा लांब होतो.

खरी कसोटी कोंदणात दस्ता बसवण्याची. त्यांनी दिव्याची काजळी तेलात कालवून कोंदणाला आतून लावली, दस्ता दाबून बसवला आणि पुन्हा काढला. जेथे काळा डाग उमटला तेथे लाकूड जास्त. तेवढेच कानशीने उतरवायचे. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा कानस. दुपार झाली तरी हेच चालू होते. आम्ही अधीर झालो. ते म्हणाले, दस्ता सगळीकडून सारखा टेकला पाहिजे. एकाच ठिकाणी टेकला तर गोळीचा सारा धक्का तेथेच बसतो. शेवटी डाग सर्वत्र सारखे उमटले तेव्हा त्यांनी बोल्ट आवळला आणि रायफल कन्येच्या हाती दिली. "बंदूक कंधे की होती है, साहब, दीवार की नहीं."

तेल आम्ही घरी दिले. आमच्याकडे उभ्या धानात जवस फेकण्याची रीत आहे. त्याच जवसाचे उकळलेले तेल. हाताच्या तळव्याने अगदी पातळ चोळायचे, सुकू द्यायचे, मग दुसरा हात. लाकडाची कापलेली टोके विसरायची नाहीत. ओल तेथूनच शिरते. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावीत. महिनाभर दर संध्याकाळी बाप-लेक ओसरीवर बसून तेल चोळीत होतो. रुसवा केव्हा गेला ते कळलेही नाही.

पुढे रीतसर परवानगीने मैदानावर नेम तपासला. लाकूड उतरवून पुन्हा चढवले की गोळीची जागा थोडी बदलतेच. कन्येच्या पहिल्या तीन गोळ्या एकमेकींजवळ लागल्या, पण डावीकडे. आम्ही म्हटले, माशी उजवीकडे सरकवा. ती हसली. "नाही बाबा, नळीच्या टोकाची माशी गोळी जाते त्याच बाजूला सरकवायची." तसे केले आणि पुढच्या दोन गोळ्या मध्यावर लागल्या. खांदा चोळण्याची पाळी तिच्यावर आली नाही. मैदानावरून परतताना आम्ही अर्जाचा विषय काढला, आणि गाडीतच तारीख ठरली.

अर्ज भरताना एक गोष्ट ध्यानात आली. परवान्यावर रायफलीचा जो क्रमांक असतो तो लोखंडावर ठोकलेला. नळी आखूड करणे हा गुन्हा. क्रमांक खोडणे हा गुन्हा. दस्त्याला मात्र क्रमांक लागत नाही. काय जसेच्या तसे पुढे द्यायचे आणि काय घेणाऱ्याच्या मापाने घडवायचे, हे कायद्याला आमच्यापेक्षा आधी उमगले होते. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतूनही हाच प्रश्न रोज उभा राहतो. नातवंडांची मराठी हिंदीच्या वळणाने जाते, सणांचे पदार्थ बदलतात, आणि आम्ही वडीलधारी मंडळी तुकतुकीवर हात फिरवीत म्हणतो, हे मूळचे आहे, हात लावू नका. एखादे वेळी पट्टी उघडून पाहावी. खाली वडिलांनीच घातलेली जोड निघेल.

२०२५ च्या खंडेनवमीला रायफल नव्या दस्त्यासह पाटावर होती. शेजारी दादांचा जुना दस्ता, आणि त्यावर तो सागाचा अर्ध्या इंचाचा तुकडा. पूजा कन्येने केली. चिरंजीवांनी काही न बोलता आपट्याचे पान आधी त्या तुकड्यावर ठेवले.