लक्ष्मीबाईंची भूमिका

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या जेवणासाठी धान्य उरले नाही, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने दिले आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. व्यासपीठावरून हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला जातो, की ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा ओरखडाही उमटेनासा झाला आहे.

कर्मवीरांचे जन्मगाव कुंभोज. त्याच हातकणंगले तालुक्यातील एका शाळेत २२ सप्टेंबरच्या जयंतीला हा प्रसंग नाटिकेत होता आणि नववीतल्या एका मुलीच्या वाट्याला लक्ष्मीबाई आल्या होत्या.

जयंती असो वा दिवाळी, म्हशींना त्याचे सोयरसुतक नसते. पहाटे साडेपाचला धारा झाल्या. मुलीने किटली सायकलला अडकवून दूध डेअरीत पोहोचवले, फॅटची पावती घेतली, परत येऊन पिण्याचे पाणी गाळून भरले, बस्तीला निघालेल्या आजीच्या हातात अक्षतांची डबी दिली. सोयाबीन काढणीला आले होते, त्यामुळे वडील आणि आई भाकरी बांधून रानात गेलेले. या साऱ्या धावपळीत तिचे ओठ मात्र संवादच पुटपुटत होते. एका वाक्यावर ती रोज अडखळे. लक्ष्मीबाई मंगळसूत्र पतीच्या हाती देताना जे लांबलचक वाक्य बोलतात, ते सरांनी मोठ्या हौसेने लिहिले होते. त्यात त्याग होता, समाज होता, ज्ञानगंगाही होती.

शाळेत रंगीत तालीम सुरू झाली आणि बाजारातून आणलेली प्लॅस्टिकच्या मण्यांची माळ सरांना पसंत पडेना. "घरून आईचं आण," ते म्हणाले. मधल्या सुट्टीत मुलीने सायकल थेट रानाकडे वळवली.

आईने विळा खाली ठेवला. तिचा हात गळ्याकडे गेला आणि तेथेच थांबला. मग ती हळूच म्हणाली, "ने. पण हे खरं न्हवं. खरं बँकेत हाय."

थोरला मुलगा इंजिनिअरिंगला लागला होता. फी जुलैत भरायची, आणि उसाचे बिल मात्र कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर हाती येणार. शेतकऱ्याच्या घरी पैसा येण्याचा महिना आणि पैसा लागण्याचा महिना सहसा एक नसतो. आईच्या मंगळसूत्रावर सोनेतारण कर्ज काढून तो खड्डा भरला होता. हे आई-वडिलांखेरीज कोणास ठाऊक नव्हते. "आजीला बोलू नगंस," एवढेच आईने बजावले. मोकळा गळा ठेवायचा नाही म्हणून तिने घरी येऊन पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातले आणि पदर वर ओढून घेतला.

कार्यक्रम साडेचारचा होता, पण पाहुणे आले सव्वापाचला. आजीला सूर्यास्तापूर्वी जेवायचे असल्याने आईने तिला आधीच जेवू घालून आणले होते. मुलीने आपला डबा पडद्यामागे उभ्या उभ्या संपवला. नऊवारी नेसवणाऱ्या बाई मधूनमधून ओरडत होत्या, की अगं, हात वर कर, निऱ्या सुटतात.

मंगळसूत्राचा प्रसंग आला. मुलीने गळ्यामागची गाठ सोडली. ते हलके मणी मुठीत घेतल्यावर सरांचे वाक्य तिला आठवलेच नाही. पडद्याआडून सर शब्द पुरवत होते. ती समोर बसलेल्या पदराआडच्या पिवळ्या दोऱ्याकडे पाहत राहिली. काही क्षण गेले. मग ती कर्मवीर झालेल्या मुलाला म्हणाली, "पोरं उपाशी हायत. हे घ्या." आणि आत निघून गेली. टाळ्या जरा उशिराच पडल्या. सरांचा चेहरा उतरला होता. त्यांचे सर्वांत मोठे वाक्य वाया गेले होते. वास्तविक त्या सायंकाळी तेवढेच एक वाक्य मंडपातील बायकांच्या डोळ्यांना पदर लावून गेले.

घरी परतताना अंधार पडला होता. आजी मध्ये, दोघी दोन बाजूंना. मुलीने मंगळसूत्र आईच्या हातात दिले, आईने चालता चालताच ते गळ्यात घातले. दोघींनाही वाटले, आजीचे लक्ष नाही.

"बेंटेक्स लांबनं चांगलं दिसत हुतं की गं," आजी म्हणाली.

आई थबकली. आजीने काठीने वाटेतला दगड बाजूला सारला.

"जुलैपासनं बघतोय मी. वाट्यांचा आवाज येगळा येतोय." मग थोडे चालून तिने विचारले, "व्याज किती लावत्यात?"

आईने आकडा सांगितला. आजीने बोटांवर हिशेब सुरू केला, आणि मुलगी तिच्या चुकलेल्या बेरजा दुरुस्त करीत चालू लागली.