बोरिवली स्लो

शेवटची बोरिवली लोकल रात्री दोनच्या आसपास आमच्या खिडकीखालून जाते. तिच्यात माणसं कमी आणि उजेड फार. ती गेली की विरारकडून पहिली गाडी येईपर्यंत रूळ गप्प. या मधल्या वेळात मुंबई झोपते, असं पुष्कळांना वाटतं. ते स्वतः झोपलेले असतात म्हणून त्यांना तसं वाटतं. रुळांवर गँगमनच्या बॅटऱ्या हलत असतात, लोखंडावर लोखंड वाजत असतं. समोरच्या टॉवरचा वॉचमन काठी आपटून आपण जागे असल्याचं कुणाला तरी कळवत राहतो. मला कळतं. वरच्या घराच्या एसीचं पाणी आमच्या पत्र्यावर टपकतं, आणि दोन थेंबांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. खरा छळ तो.

आपल्या भाषेत झोप येते, लागते, उडते, मोडते. डोळा लागतो. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. झोप ‘काढतो’ म्हणावं तर ती फक्त लोकलमध्ये आणि दुपारच्या मीटिंगमध्ये. एवढी साधी गोष्ट भाषेला ठाऊक होती, मला कळायला चार वर्षं लागली.

माझी झोप गेली ती गोंगाटानं नाही, शांततेनं. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या. या घरात मी वीस वर्षं राहिलो होतो, आणि गाड्यांचा आवाज मला ऐकूच येत नसे. तो थांबला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. दुसऱ्या रात्री मी ताडकन उठून बसलो. काय वाजलं म्हणून नव्हे, काय वाजलं नाही म्हणून. घाटकोपरच्या आत्याचं तर याहून पुढचं. तिच्या गच्चीवरून विमानतळावर उतरणारी विमानं इतकी खालून जातात की वाळत घातलेले पापड ती हातानं झाकते. त्या महिन्यात विमानंही बंद झाली. आत्या फोनवर म्हणाली, “अरे, इतकं सुनं सुनं वाटतं की मेली झोपच येत नाही.” मे महिन्याच्या अखेरीस विमानं पुन्हा उडू लागली आणि ती घोरू लागली. जूनच्या मध्यात थोड्या लोकलही धावू लागल्या. माझी झोप मात्र परत आली नाही.

असं का, याचं उत्तर मला नंतर एका डॉक्टरीणबाईंकडे मिळालं. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ च्या सुमारास निद्रानाशाची तीन पायांची मांडणी केली. एक पाय स्वभावाचा: माझी आई मांजराच्या पावलानंही जागी व्हायची, ते माझ्यात आलं. दुसरा पाय निमित्ताचा: कुणाची नोकरी जाते, कुणाचं माणूस जातं, माझी गाडी गेली. तिसरा पाय आपण स्वतः बसवतो. निमित्त केव्हाच संपलेलं असतं, पण झोप भरून काढायची म्हणून आपण लवकर आडवे होतो, उशिरा उठतो, दुपारी लवंडतो, पलंगावर पडून मोबाईल बघतो, घड्याळ बघतो, उरलेल्या तासांचा हिशेब करतो. आजार या तिसऱ्या पायावर वर्षानुवर्षं उभा राहतो. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने गेले, की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मी बाईंना म्हटलं, “माझे तीन महिने होऊन चार वर्षं झाली.”

“झोप कुठेच लागत नाही का?” त्यांनी विचारलं.

मी जरा ओशाळलो. कारण एका ठिकाणी लागायची, आणि कशी! संध्याकाळी चर्चगेटहून बोरिवली स्लो पकडायची, खिडकी मिळवायची. मरीन लाइन्सला समुद्राचा एक तुकडा दिसतो न दिसतो तोच मान खाली. ग्रँट रोडपासून पुढं मी या जगात नसे. दादरला माणसं अंगावर कोसळत, अंधेरीला आरडाओरडा होई, भजनी मंडळी टाळ कुटत, शेंगदाणेवाला कानाशी ओरडे. मी आपला गाढ. आणि कांदिवली आली की कुणी हलवल्यासारखा जागा. ज्या माणसाला गादी-उशी-पंखा देऊन झोप येत नव्हती, त्याला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवूनही येत होती.

“तिथे तुम्ही झोपायचा प्रयत्न करत नाही ना, म्हणून,” बाई म्हणाल्या. “पलंगानं मात्र शिकून घेतलंय की हा माणूस इथे जागायला येतो.”

अंथरुणाला जागरणाची सवय लागते, ही कल्पनाच मला आधी चमत्कारिक वाटली. पण खरंच, दिवाणखान्यात टीव्हीसमोर पेंगणारा मी पलंगावर पाठ टेकताक्षणी टक्क जागा होत असे. तोडगा रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच सांगून ठेवलेला: पेंग येईल तेव्हाच पलंगावर जायचं. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पुन्हा पेंग आली की परत यायचं. असं रात्रीत कितीदाही. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रविवारीसुद्धा.

दुसऱ्या खोलीत! हे शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांनी बोरिवलीचा वन-बीएचके पाहिला नसावा. आमच्या दुसऱ्या खोलीत मुलगा झोपतो, मध्ये त्याचं टेबल, टेबलाखाली कुत्र्याच्या पिल्लासारखा गुरगुरणारा इन्व्हर्टर. उरलं स्वयंपाकघर. तेव्हा मी रात्री पावणेतीनला ओट्याशेजारी, सिलिंडरला पाठ लावून, स्टुलावर बसलेला असे. हिला पहिल्या रात्री वाटलं मला काहीतरी झालं. “अहो, भूक लागलीय का?” मी म्हटलं, “नाही, पलंग काढलाय.”

पलंग काढणं हा शब्द मला आजीनं दिला. आषाढीच्या यात्रेत पंढरपूरला विठ्ठलाचा पलंग काढतात. शेजारती नाही, निजणं नाही, चोवीस तास दर्शन. देवाच्या पाठीशी लोड लावतात, रखुमाईला तक्क्या, एवढीच विश्रांती. यात्रा उलगली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याचं स्नान, शिणवटा जावा म्हणून काढा, आणि पलंग पुन्हा मांडला जातो. लहानपणी मला देवाची दया यायची. आता हेवा वाटतो. जागायचं तेव्हा त्याच्या समोर पलंगच नाही, आणि पलंग मांडला तो निजण्यापुरता. देवाला नुसतं पडून राहा, येईल झोप, असं कुणी सांगत नाही.

चरकसंहितेतही झोप न येणाऱ्यांसाठी एक यादी आहे: तेलाचं मर्दन, स्नान, साळीचा भात, दही, दूध, आवडता गंध, आवडता नाद, मनाचं सुख. मद्यही आहे, पण आमच्याकडे तेवढं पान नेमकं उलटलं जातं. (ते उलटलेलंच बरं. दारूनं डोळा पटकन लागतो आणि उत्तररात्री खाडकन उघडतो.) कोमट आंघोळीचं मर्म आजचं शास्त्रही मान्य करतं. झोपेआधी तास-दोन तास आंघोळ केली की कातडीकडे रक्त धावतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि थंडावणारं शरीर झोपेकडे कलतं. ऑक्टोबरात आमच्या सिमेंटच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत दिवसाचं ऊन ओकत असतात, तेव्हा झोप का येत नाही याचं अर्धं उत्तर तिथंच आहे. आणि अनिद्रेला चरक म्हशीचं दूध सुचवतात. हे वाचलं तेव्हा हसू आलं. १९४९ साली मुंबईतल्या म्हशी हलवून आरे कॉलनी वसवली ती इथंच, गोरेगावात. औषध तीन स्टेशनांवर होतं आणि आम्ही चहात घालून संपवत होतो. संध्याकाळी पाचच्या चहातलं साधारण निम्मं कॅफिन रात्री दहालाही रक्तात फिरत असतं. मी पाचला एक आणि साडेसहाला एक, असे दोन प्यायचो.

सगळाच दोष माझा नव्हे, हेही सांगून टाकतो. कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पलीकडच्या पुनर्विकासाच्या जागी रात्री साडेबाराला काँक्रीटचा मिक्सर गरगरायला लागतो, त्याला हा आकडा कुणी वाचून दाखवलेला नाही. आणि माझा भाचा अंधेरीला सीप्झजवळच्या कंपनीत रात्रपाळी करतो. अमेरिकेची सकाळ ही त्याची रात्र. त्याला पलंग काढ, दूध पी, असं सांगण्यात काय अर्थ? शरीरातलं घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्या घड्याळाशी रोज भांडून घर चालवणाऱ्या पोरांना कंपनीची कॅब मिळते. तो सकाळी काळा चष्मा लावून घरी येतो, खिडकीला ब्लँकेट ठोकतो आणि झोपतो. त्याची आई भाजीवाल्याला खालूनच हातवारे करून परतवते.

मुलुंडच्या मामांची गोष्ट मी थोडक्यातच सांगेन. त्यांनी कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर गोळी सुरू केली, अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. एका पहाटे बाथरूमकडे जाताना तोल गेला आणि खुबा मोडला. गोळ्या वाईटच असं नाही, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली त्या लागतातही. पण पहिलं औषध गोळी नव्हे, हे बाईंनी मला लावून सांगितलं. आणि आधी हिला बाजूला घेऊन मी घोरतो का, घोरताना श्वास अडकतो का, हे विचारलं. तसं असतं तर रस्ता वेगळा होता.

माझा रस्ता मात्र कडू निघाला. आठवडाभर झोपेची वही लिहिली. पलंगावर आठ तास, झोप साडेपाच. बाई म्हणाल्या, “मग पलंगही साडेपाच तासांचाच. साडेबाराला जायचं, सहाला उठायचं. झोप दाटून आली की वेळ वाढवू.” मी मान डोलावली. “आणि संध्याकाळच्या गाडीत झोपायचं नाही.”

तेवढं नको, असं माझ्या तोंडावर आलं. पण त्यांनी समजावलं: दिवसभर जागून मेंदूत झोपेची भूक साठत जाते. तासभर ट्रेनमध्ये झोपणं म्हणजे जेवायच्या आधी दोन वडापाव. रात्री मग ताट पुढं येतं आणि भूक नसते.

पहिले दहा दिवस मी माणसांत नव्हतो. बसच्या रांगेत उभ्या उभ्या डुलक्या, ऑफिसात बेरजा चुकलेल्या. (गाडी चालवणाऱ्यानं हा प्रयोग मनानं करू नये.) तिसऱ्या आठवड्यात एकदा शेवटची लोकल गेलेली मला कळली नाही. सकाळी ही म्हणाली, “रात्री किती पाऊस पडला!” पडला होता? मी खिडकीशी जाऊन ओले रूळ बघत राहिलो. आताही वाईट रात्री येतात, नाही असं नाही. आल्या की मी उठून सिलिंडरपाशी जातो. पूर्वीइतका भीत नाही.

संध्याकाळची बोरिवली स्लो मी अजून पकडतो. खिडकीही मिळते. डोळे उघडे ठेवून बसतो, आणि वीस वर्षांत न पाहिलेली माणसं पाहतो. ग्रँट रोडनंतर डबा हळूहळू पेंगायला लागतो. हातातले मोबाईल छातीवर उतरतात, तोंडं उघडी पडतात, एकमेकांना ओळखही न देणाऱ्यांची डोकी एकाच लयीत हलतात. परवा शेजारी एक तरुण मुलगा होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. वांद्र्याच्या आसपास त्याचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. एरवी आपण खांदा झटकतो. मी हललो नाही. हात बधिर झाला, खिशातला फोन वाजून थांबला. गाडीला धक्का बसला तसा तो दचकून उठला, तोंड पुसत म्हणाला, “सॉरी काका. बोरिवली आली?”

“गोरेगाव आहे,” मी म्हटलं. “झोप तू. मी उठवतो.”