कलमाच्या वर

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या घरी माझ्या हातात एक यादी ठेवली जाते. दुलया उन्हात घालणे, सरपण ओसरीवर घेणे, खिडकीच्या फटी बुजवणे, लसूण लावणे, वांग्यामिरच्यांच्या रोपांवर गवताचे छप्पर करणे. ही तयारी नागपूरच्या घराची नव्हे; चिखलदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या कवेलू घराची.

नागपूरपेक्षा चिखलदरा सुमारे आठशे मीटर उंच. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले. त्याचा अर्थ मात्र मला सेवानिवृत्तीनंतर, मेळघाटातल्या पहिल्या थंडीत कळला. तिथे कॉफी पिकते, हे ऐकून मी खुश झालो होतो. सौभाग्यवतींना मात्र नागपूरचे संत्रे न्यायचे होते. तिने एक कलम नेले आणि बागेच्या उताराला, दगडी बांधाजवळ लावले.

२०१८ च्या हिवाळ्यात तिचा दमा बळावला. डॉक्टरांनी थंडीत वर जायला मनाई केली. मी एकटाच गेलो. यादीत शेवटी लिहिले होते: ‘आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडला, तर संध्याकाळी आळ्यांना पाणी द्या.’ मला हसू आले. कडाक्याच्या थंडीत कोणी कोणाच्या अंगावर पाणी ओतते का? मी गुलाबांवर गोणपाट टाकले, शेगडी पेटवली आणि दुलई ओढून झोपलो.

२९ डिसेंबरला नागपुरातच पारा ३.५ अंशांवर उतरला. वरचे काय सांगावे! पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री झाडाला देते. थंड हवा जड, म्हणून ती उतरून खालच्या कोपऱ्यात, बांधाला अडून साचते. हे सारे भूगोलाच्या मास्तराला ठाऊक असायला हवे होते. संत्र्याची पाने उकडल्यासारखी लोंबत होती. दुपारपर्यंत ती काळी पडली.

संध्याकाळी फोन आला.

“अहो, संत्रं कसं आहे?”

“उत्तम!” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेतली. मनात बेत असा, की परतवाड्याहून तसलेच कलम आणून तिथे लावावे. शेजारचे कोरकू आजोबा बांधावरून पाहत होते. ते आत आले, नखाने साल खरवडली. खाली हिरवे होते.

“उपटू नका, गुरुजी. छाटूबी नका. होळी होऊ द्या.”

आत्ता छाटले तर ते फुटेल, आणि पुढच्या थंडीत कोवळी फूट मरेल, एवढेच त्यांचे म्हणणे. मी कुदळ ठेवली.

नागपूरला आल्यावर सगळे कबूल केले. ती म्हणाली, “तुम्ही ‘उत्तम’ म्हणालात, तेव्हाच ओळखलं. झाडांबद्दल आजवर ‘बरंय’च्या पुढे कधी गेला नाहीत.”

मार्चमध्ये ऊन तापल्यावर ती माझ्याबरोबर आली. घाट चढून गाडी थांबली, तशी थेट बांधाशी गेली. बुंध्याशी जोमदार, काटेरी फुटवे आले होते. मी आनंदाने ओरडलो. तिने ते एकेक करून मोडले. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात; जोडाखाली फुटते ती जंबेरी, संत्रे नव्हे. मग ती वाकून वर वर पाहत गेली. जोडाच्या चार बोटे वर तांदळाच्या दाण्याएवढा एक कोंब होता.

“वर आहे,” ती म्हणाली, आणि धाप लागून बांधावरच बसली. मीही शेजारी बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

आता त्या झाडाला फळे येतात. आंबटच, पण येतात. ती मात्र हिवाळ्यात वर येत नाही. संध्याकाळी आळ्यांना पाणी देऊन मी फोन लावतो. ती झाडाचे विचारते, मी तिच्या श्वासाचे. दोघांपैकी कोणीही ‘उत्तम’ म्हणत नाही.